थांबून बोलणारी माणसं

त्या आठवड्यात रेणुका कोळेकरने पाच कुटुंबांच्या बैठका घेतल्या होत्या. त्यांपैकी एक कुटुंब अस्तित्वातच नव्हतं, आणि ते कोणतं हे फक्त निर्मला मगदूम यांना ठाऊक होतं. सांगलीच्या कुटुंब-समुपदेशन केंद्रात दर गुरुवारी सकाळी दहा वाजता या दोघी समोरासमोर बसत. रेणुका उमेदवार, निर्मलाताई तिच्या पर्यवेक्षक. मध्ये चहाचे दोन कप, बिस्किटांचा पुडा आणि रेणुकाची वही. समुपदेशकाचा परवाना हवा तर दोन हजार तासांचं काम एखाद्या जाणत्या माणसाच्या नजरेखाली व्हावं लागे. रेणुकाचे एकोणीसशे चाळीस तास भरले होते. जतहून तिच्या आईचा दर रविवारी फोन येई आणि दाराला पाटी कधी लावायची, एवढंच ती विचारी.

सरावकुटुंबं येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. शेकडो खऱ्या घरांनी परवानगीने दिलेल्या बैठकांच्या चित्रफितींवरून संगणक एक नवंच घर उभं करी. त्यात सासू असे, सून असे, तापट बाप असे, कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेला दीर असे. ही माणसं पडद्यावर रडत, भांडत, धडधडीत खोटं बोलत आणि मागच्या आठवड्यातला शब्द लक्षात ठेवून टोमणे मारत. पहिल्या वर्षी उमेदवार त्यांच्यावर उघडपणे हात बसवत. चुकलं की बैठक मागे न्यायची आणि पुन्हा विचारायचं. घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. मागे नेता येतं म्हटल्यावर पोरं वाट्टेल ते विचारू लागली. मग परवाने देणाऱ्या परिषदेने नियम केला की, दुसऱ्या वर्षापासून पाचांत एक सरावकुटुंब खऱ्या कुटुंबांमध्ये मिसळून द्यायचं आणि उमेदवाराला सांगायचं नाही.

दिसण्यात काही फरक नसे. खरी कुटुंबंसुद्धा आपापल्या तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात बसून भिंतीएवढ्या पडद्यावरच यायची. ओळखायला जायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, समोर येईल त्याला खरंच मानायचं, अशी शपथ उमेदवारांकडून घेतली जाई. परिषदेचा शपथेवर मोठा विश्वास. तिशीच्या आतली सात-आठ हुशार पोरं रोज एकत्र डबा खातात, तेव्हा त्यांच्यात काय खलबतं चालत असतील याचा विचार कुणी केला नव्हता. निर्मलाताईंना थोडी कुणकुण होती. पण दरवर्षी पोरं नवी खूण शोधून काढतात आणि दरवर्षी ती चुकीची निघते, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

साळुंखे कुटुंब खरं होतं. विट्याजवळच्या एका गावातलं. जालिंदर साळुंखे बावीस वर्षं तामिळनाडूतल्या सेलमला गलाईच्या धंद्यात होता. जुने दागिने वितळवून, तेजाबाने धुऊन त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढायचं, हे त्या भागातल्या माणसांचं पिढीजात काम. त्यासाठी ती देशभर पांगलेली असतात. जालिंदर वर्षातून दोनदा घरी यायचा, जत्रेला आणि दिवाळीला. बाकी सगळा संसार फोनवर झाला. रोज सकाळी सात वाजता दुकानावरच्या माळ्यातून तो फोन लावी, एकमेकांचे चेहरे बघत तिघं बोलत. सहा महिन्यांपूर्वी तो दुकान भाच्याच्या हवाली करून कायमचा घरी आला आणि घराची घडी विस्कटली.

पहिल्या बैठकीत त्याची बायको मालन म्हणाली होती, "हे आल्यापास्नं घरात पाव्हणा असल्यागत वाटतंय. पंखा लावू का म्हणून इचारत्यात. सोताच्या घरात." सतरा वर्षांची मुलगी आर्वी काहीच बोलली नाही. जालिंदर पूर्ण तासात एकच वाक्य बोलला. "मला घरी ऱ्हायचंय. पण जमंना झालंय." निर्मलाताईंनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि त्याच्याखाली रेघ मारली. या माणसाला घरी राहता यावं, एवढंच काम होतं. इतकं स्वच्छ गाऱ्हाणं घेऊन कुटुंबं फार कमी वेळा येतात.

रेणुकाची एक सवय निर्मलाताईंना पहिल्या दिवसापासून माहीत होती. पडदा उजळायच्या आधी ती तळहात ओढणीला पुसायची. दीड वर्षात एकही बैठक त्याशिवाय गेली नव्हती. साळुंख्यांच्या दुसऱ्या बैठकीपासून ते थांबलं. तिसऱ्या बैठकीला ती खुर्चीत छान टेकून बसली होती, आवाज मोकळा होता, प्रश्न नेमके होते. निर्मलाताईंना स्वतःची मूलबाळं नव्हती, आणि अशा वेळी त्यांना आतून जे वाटे ते त्या कुणाला सांगत नसत. त्या दिवशी त्यांनी नोंदवहीत लिहिलं की, उमेदवार आता घाबरत नाही. त्या लिहिताना हसत होत्या.

चौथ्या बैठकीला जालिंदरच्या मांडीवर एक पिवळं पाकीट होतं. त्याने त्यावर तळहात दाबून धरला होता, वाऱ्याने उडून जाईल असा. मालन स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या जागांबद्दल सांगत होती आणि तो मध्येमध्ये पाकिटाकडे बघत होता. दोनदा खोकला. निर्मलाताई शेजारच्या खोलीत आपल्या पडद्यावर हे पाहत होत्या. त्यांच्यासमोर एक बटण होतं. ते दाबून बोललं की शब्द थेट उमेदवाराच्या कानात पडत. त्याला कानसूचना म्हणत. शेवटच्या शंभर तासांत मात्र ती कुणाला इजा होत असेल तरच द्यायची, असा दंडक होता.

रेणुकाने पाकीट पाहिलं. तिची नजर तिथे गेली, क्षणभर राहिली आणि उचलली गेली, हे निर्मलाताईंनी स्पष्ट पाहिलं. आता ही विचारेल, असं त्यांना वाटलं. पण रेणुका मुलीकडे वळली.

"आर्वी, खरं सांग. बाबा सेलमला परत गेले, तर तुला बरं वाटेल का?"

निर्मलाताईंचं बोट बटणावर गेलं. आर्वीने आधी वडिलांकडे पाहिलं, मग समोर.

"हो," ती म्हणाली.

रेणुकाने मान डोलावली आणि लगेच मालनला विचारलं, "आणि तुम्हाला?" मालनने तोंड उघडलं आणि मिटलं. जालिंदरने पाकिटाची मधोमध घडी घातली आणि ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं. "बराबर हाय तिचं," तो म्हणाला. त्यानंतरची वीस मिनिटं दिवाळीच्या खरेदीबद्दल बोलणं झालं.

निर्मलाताईंनी बोट काढून घेतलं होतं. का काढलं, हे त्यांनी पुढे स्वतःला फार वेळा विचारलं, आणि खरं उत्तर दर वेळी तेच निघालं. त्यांना अभिमान वाटला होता. असा प्रश्न विचारायची छाती त्यांना स्वतःला कधी झाली नव्हती. पोरगी आपल्या पुढे गेली, तिला आता अडवायचं नाही, असं त्यांना वाटलं. गुरुवारी चहा पिताना त्यांनी तिला तसं बोलूनही दाखवलं. रेणुका खूश होऊन बिस्किट बुडवत राहिली आणि ते तुटून कपात पडलं.

पुढच्या बैठकीला पडद्यावर बाकावर दोघीच होत्या. जालिंदर सोमवारी पहाटेच्या गाडीने निघून गेला होता. सांगून गेला नाही, फोन उचलत नव्हता. ज्याचा बावीस वर्षांत सकाळी सातचा फोन चुकला नाही, त्याचा चार दिवस आवाज नाही, म्हणून मालन पदर तोंडाला लावून बसली होती. आर्वी जमिनीकडे बघत होती. रेणुकाने तास नीट पार पाडला, धीर दिला, काय काय करता येईल ते सांगितलं. बाहेर व्हरांड्यात निर्मलाताई तिची वाट बघत उभ्या होत्या. तिला जवळ घ्यावं, पाठीवरून हात फिरवावा, असं त्यांच्या मनात होतं.

रेणुका बाहेर आली ती डोळ्यांत कुतूहल घेऊन. "मॅडम, असं वळण त्यात आधीपासून घातलेलं असतं, की माझ्या प्रश्नामुळे आलं?" तिने विचारलं.

"त्यात म्हणजे कशात?"

रेणुकाने जीभ चावली. मग हसली. ओळखलेलं तोंडातून निघून गेलं, आता मॅडम रागावणार, एवढीच तिला भीती वाटली असावी. निर्मलाताईंना मात्र एकदम सगळं दिसलं. कोरडे तळहात, टेकलेली पाठ, मोकळा आवाज. ही धीट झाली नव्हती. समोर कुणी नाहीच, असं समजून ती बोलत होती.

"रेणुका, ती माणसं खरी आहेत," त्या म्हणाल्या.

हे सांगणं नियमात बसत नव्हतं. रेणुकाचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. ती भिंतीला धरून खाली बसली. मग तिने डब्याच्या वेळच्या खुणा सांगितल्या. सरावकुटुंबातली माणसं एकमेकांचं बोलणं तोडत नाहीत. एकाचं संपलं की क्षणभर जातो आणि मग दुसरा बोलतो. खऱ्या घरात तिघं एकदम बोलतात, शेवटचा शब्द कुणाला ऐकूच येत नाही. साळुंखे पहिल्या दिवसापासून असे थांबून थांबून बोलत होते. दुसरी खूण वस्तूची. उमेदवाराने विचारावं म्हणून सरावकुटुंबात कुणाच्या तरी हातात आमिष दिलेलं असतं. पाकीट दिसलं तेव्हा तिची खात्रीच पटली. सगळे पाकिटाबद्दलच विचारत असणार, आपण वेगळं काही करून दाखवू, म्हणून ती मुलीकडे वळली होती.

निर्मलाताईंनी मालनकडून सेलमच्या दुकानाचा नंबर घेतला, भाच्याला फोन लावला. जालिंदर तिथेच होता, पण घरी कळवू नको म्हणून त्याने भाच्याला बजावलं होतं. माळ्यावर झोपतो, कुणाशी बोलत नाही, फोन दिला तर परत देतो, असं भाचा म्हणाला. मालन आणि तिचा भाऊ त्याला आणायला निघाले. ते पोचायच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने माळ्यावरच प्राण सोडला.

पाकीट त्याच्या सदऱ्यातच होतं, आत डॉक्टरांची चिठ्ठी. तेजाबाच्या वाफेने त्याची फुप्फुसं दगड झाली होती. डॉक्टरांनी फार तर दोन वर्षं दिली होती, तीही वाफेपासून लांब, घरच्यांच्या देखरेखीत राहिला तर. त्याने घरी कुणाला सांगितलं नव्हतं. चौथ्या बैठकीला तो सांगायचं ठरवून आला होता, हे उघड होतं. दोन वर्षांची ती चिठ्ठी त्याने मांडीवर दाबून धरली होती आणि मुलीचं उत्तर ऐकून घडी घालून खिशात ठेवली होती.

दिवसकार्य झाल्यावर आर्वी एकटीच एसटीने सांगलीला आली. तिला त्या मॅडमना भेटायचं होतं. निर्मलाताई म्हणाल्या की, मी बोलते तिच्याशी. पण रेणुका पुढे झाली. पडद्यावर दिसायची त्यापेक्षा आर्वी बरीच बुटकी होती. चपलेचा पट्टा पिनेने जोडलेला होता, कपाळावर प्रवासाचा घाम होता. रेणुका तिच्याकडे अशी बघत राहिली की, त्या पोरीनेच अवघडून नजर वळवली. तिने भांडण काढलं नाही. रडलीही नाही. तिला फक्त सांगायचं होतं.

"मॅडम, तुम्ही थांबला न्हाईत," ती म्हणाली. "आमच्यात एक बोललं की थांबायचं असतं. सेलमला आवाज पोचायला वेळ लागायचा. माळ्यावर रेंज धड न्हवती. मधी बोललं की दोघांचं तुटायचं, मग परत पहिल्यापासनं. मला आठवतंय तवापासनं आम्ही असंच बोलतो. मी हो म्हणाले, आणि बाबांच्यापर्यंत पोचावं म्हणून थांबले. पुढचं सांगणार होते."

पुढचं काय, हे विचारायचं रेणुकाला धाडस झालं नाही. निर्मलाताईंनी विचारलं.

"बरं वाटंल, कारण फोनवर ते माझ्याशी बोलायचे. रोज. शाळेतलं सगळं त्यांना म्हाईत असायचं. घरी आल्यापासनं बोलायचे न्हाईत, नुसते बघत बसायचे. तर इथंच ऱ्हावा, पण फोनवर बोलायचा तसं बोला. एवढंच म्हणणार होते."

मग तेव्हाच का नाही बोललीस, असं निर्मलाताईंनी शक्य तितक्या हळू विचारलं. तुमचं आईशी बोलणं सुरू झालं होतं आणि दुसऱ्याचं चाललेलं असताना आम्ही मध्ये बोलत नाही, असं ती म्हणाली. परत जाताना रिक्षात तिने दोनदा सुरुवात केली होती. बाबा 'असू दे' म्हणाले आणि बाहेर बघत राहिले. नंतर परीक्षा होती. सांगू निवांत, असं तिला वाटलं.

रेणुकाने तिचा हात धरला. तिचे स्वतःचे तळहात घामाने भिजलेले होते आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.  शेवटी आर्वीच म्हणाली की, माझी साडेचारची गाडी आहे. निर्मलाताई तिला स्थानकावर सोडायला गेल्या.

परिषदेची चौकशी रीतसर झाली. रेणुकाने काही लपवलं नाही, खुणांसकट सगळं लिहून दिलं. निर्मलाताईंनी लिहिलं की, बटण माझ्या हाताखाली होतं आणि चूक माझी आहे. परिषदेने रेणुकाचे सगळे तास रद्द केले, हवं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं म्हणून कळवलं. निर्मलाताईंना त्यांची दीर्घ सेवा लक्षात घेऊन एक समज देण्यात आली. हा न्याय वाचून निर्मलाताईंना स्वतःची शिसारी आली. रेणुका जतला निघून गेली. सुरुवातीला ती फोन उचलायची आणि 'हो मॅडम, बरी आहे' म्हणायची. मग तेही बंद झालं.

परिषदेचं खरं लक्ष दुसरीकडेच होतं. सरावकुटुंबं ओळखू येतात, हा तिच्या लेखी सगळ्यात मोठा दोष ठरला. त्यांना एकमेकांचं बोलणं तोडायला शिकवायचं ठरलं. आणि दूरवर राहून संसार केलेली, थांबून बोलणारी घरंही सरावाच्या चित्रफितींच्या साठ्यात हवीत, असंही ठरलं. तेव्हा साळुंखे कुटुंबाच्या बैठका आणि घरी जपून ठेवलेल्या फोनच्या चित्रफिती मिळतील का, असं विचारणारं पत्र आलं. संमतीचा कागद घेऊन कुणी तरी जायला हवं होतं. हे काम अनोळखी माणसाने करू नये म्हणून निर्मलाताई स्वतः निघाल्या, आणि अख्खा रस्ता त्यांना परत फिरावंसं वाटत होतं.

मालनने चहा केला. कागद कशाचा ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हिला इचारा. मला त्यातलं कळत न्हाई." आर्वीने चारही पानं वाचली. जुने फोन तिच्याकडे होते, नऊ वर्षांचे. तिने त्यातला एकही पुसला नव्हता. पुरुषाचं नाव बदललं जाईल, चेहराही थोडा बदलतील, पण बोलणं-वागणं जालिंदरचंच असेल, हे निर्मलाताईंनी तिला समजावून सांगितलं. कुठल्या कुठल्या गावचे उमेदवार त्याच्यासमोर बसतील आणि शिकतील.

"त्यातले बाबा दर वेळी जातील का?" आर्वीने विचारलं.

निर्मलाताईंना खोटं बोलता आलं नाही. तसं ठरलेलं नसतं, समोरचा कसा वागतो त्यावर असतं, त्या म्हणाल्या.

"म्हंजे ऱ्हातीलसुद्धा?"

"राहू शकतात."

आर्वीने आईकडे पाहिलं. मालन उचललेल्या कपबशा तशाच धरून उभी होती. मग आर्वीने सही केली, तारीख घातली आणि कागद पुढे करताना हातात धरून ठेवला.

"पहिल्यांदा त्याच मॅडमना बसवा," ती म्हणाली.

त्यांनी हे काम सोडलंय, असं निर्मलाताईंनी सांगितलं. त्यांनाच कशाला, असंही विचारलं. ही पोर सूड उगवते आहे असं त्यांना वाटलं, आणि तसा तिला हक्कही होता.

"त्यांना आता बाबा म्हाईत हायेत की," आर्वी म्हणाली. "पाकीट म्हाईत हाय. मी कुठं थांबते ते म्हाईत हाय. दुसऱ्या कुणाला हे कळंस्तवर बाबा किती येळा जातील."

निर्मलाताईंनी कागद घ्यायला हात पुढे केला. सरावकुटुंबाचं पुढे काय झालं हे बाहेरच्या कुणालाही कळवायचं नाही, असा नियम होता, आणि त्या कागदाच्या तिसऱ्या पानावर तो छापलेलाही होता. आर्वीने तो वाचला असणारच. तरी तिने कागद सोडला नाही.

"आणि बाबा घरी राहिले," तिने विचारलं, "तर मला एकदा बघायला बोलवाल का?"